सेवाग्रामची पायवाट

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे येतात, तह येतात, लढाया येतात. रस्ते मात्र फारसे येत नाहीत. आले तरी एकदोघांच्या नावाने येतात. सम्राट अशोकाने वाटेच्या कडेला वड लावले, विहिरी खोदल्या, हे त्याने स्वतःच स्तंभावर कोरून ठेवले आहे. शेरशाह सूरी दिल्लीच्या तख्तावर जेमतेम पाच वर्षे होता, १५४० ते १५४५. तेवढ्या अवधीत त्याने बंगालमधील सोनारगावापासून सिंधू नदीपर्यंतचा मार्ग नीट केला, दर दोन कोसांवर सराई बांधली आणि दोन्ही अंगांना झाडे लावली, असे अब्बासखान सरवानीने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. या दोन राज्यकर्त्यांमध्ये सुमारे अठराशे वर्षांचे अंतर. भाषा निराळी, धर्म निराळा, राज्यकारभाराची रीत निराळी. तरीही रस्ता म्हटल्याबरोबर दोघांना झाड आणि पाणी आठवले. म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे पायी चालणारा माणूस होता.

आज वर्तमानपत्र उघडले की पदपथ, वाहनतळ, नदीकाठाचे किंवा समुद्रकिनाऱ्याचे सुशोभीकरण हे शब्द वाचावयास मिळत नाहीत असा आठवडा जात नाही. कोकणातील लहानसे बंदर असो की विदर्भातील तालुक्याचे ठिकाण, आराखडे सगळीकडे होत आहेत. कामे होतात, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. पण ही वाट कोणासाठी, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. या प्रश्नाला जुना आणि मोठा मनोरंजक इतिहास आहे, आणि तो पाहावयास समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम या एका खेड्याची वाट नीट न्याहाळली तरी पुरे. आपल्या विद्यार्थ्यांना सेवाग्राम ठाऊक आहे ते महात्मा गांधींच्या आश्रमामुळे. त्या आश्रमाकडे जाणारा रस्ता मात्र कोणी इतिहासाचा विषय मानलेला नाही.

मिठाच्या सत्याग्रहासाठी १९३० साली गांधीजी साबरमतीहून निघाले ते स्वराज्य मिळाल्याविना त्या आश्रमात परत येणार नाही असे ठरवून. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास येऊन राहिले. शहरातील मगनवाडी हे त्यांचे बिऱ्हाड झाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा भार उचलला. त्याच वर्षी सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी असलेले खान अब्दुल गफारखानही वर्ध्यास पाहुणे म्हणून राहिले होते आणि डिसेंबरात त्यांना तेथूनच पकडून नेण्यात आले. वर्ध्याच्या त्या दिवसांविषयी बरेच लिहिले गेले आहे. आपल्या विषयाशी संबंध येतो तो १९३५ मधील एका अगदी साध्या कामाचा.

वर्ध्यालगत सिंदी नावाचे खेडे होते. तेथील लोक गावाच्या वाटेवरच शौचास बसत. त्या काळी बहुतेक खेड्यांची हीच तऱ्हा होती. गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि मगनवाडीतील इतर मंडळी सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन सिंदीस जात आणि ती वाट साफ करीत. एक दिवस नव्हे, कित्येक महिने. गावकऱ्यांच्या सवयीत त्यामुळे मोठा पालट झाला असे मात्र नाही, आणि ही गोष्ट त्यांनी लपवूनही ठेवली नाही. मला हा सारा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पदपथाची सुधारणा म्हणजे प्रथम काय, तर माणसाला त्यावर पाय ठेवता आला पाहिजे. तो पाय कशाने बरबटणार नाही, याची हमी फरशी देत नाही. १९४१ साली गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाची जी पुस्तिका लिहिली तीत खादी, कौमी एकता, प्रौढशिक्षण यांच्या पंगतीत गावसफाईला जागा दिली, त्यामागे सिंदीचा अनुभव आहे.

सिंदीत राहून मीराबेन पुढे शेगाव या खेड्यात गेल्या. वर्ध्याहून हे पाच मैलांवरचे, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरवरचे गाव. जमनालालजींची तेथे मालगुजारी होती. पक्का रस्ता नाही, टपाल कचेरी नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी पहाटे गांधीजी मगनवाडीहून चालत शेगावास गेले आणि गावकऱ्यांना म्हणाले की, मी तुमच्यात राहावयास आणि तुमची सेवा करावयास येऊ इच्छितो. जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, ते तेथे मुक्कामासच आले. त्यांच्या राहण्यासाठी जे घर बांधले गेले ते आजचे आदिनिवास. पाचशे रुपयांहून अधिक खर्च करावयाचा नाही, माती-बांबू-लाकूड आसपासचे आणि कारागीरही आसपासचेच, अशी अट होती. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती आधी मीराबेनची झोपडी होती. तिच्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा ही मीराबेनच्या हातची कारागिरी आहे.

वर्धा जिल्ह्याची जमीन काळी, कापसाची. ज्यांचे गाव काळ्या मातीत आहे त्यांना सांगावयास नको की अशी वाट पावसाळ्यात कशी होते. गाडीचे चाक आसापर्यंत रुतते, वहाण हातात घ्यावी लागते, आणि पायाला चिकटलेला चिखल पाच पावलांनी पायाहून जड होतो. वैशाखात तीच माती तडकते, भेगांत पाय मुरगळतो. त्यातून वर्ध्याचा उन्हाळा! पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे तेथे नवलाचे नाही.

या वाटेवरून सर्वांत अधिक चालले ते महादेवभाई देसाई. आरंभी ते मगनवाडीतच राहत आणि गांधीजी शेगावात. टपाल मगनवाडीत येई. महादेवभाई ते घेऊन शेगावास चालत जात, दिवसभर काम करीत आणि संध्याकाळी चालत परत येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. कधी कधी एकाच दिवसात दोन खेपा होत. ऊन असो, पाऊस असो, त्यात खंड नसे. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. पुढे १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना हृदय बंद पडून ते गेले, तेव्हा पन्नाशीचे होते. त्या चालण्यानेच ते खचले असे कोणी म्हणू नये, कामाचा बोजाच तसा अफाट होता. तरीसुद्धा वर्धा–सेवाग्राम रस्त्याचा इतिहास लिहावयाचा तर पहिले नाव त्यांचेच लिहावे लागेल. सावली नसलेल्या वाटेची किंमत त्यांनी आपल्या देहाने मोजली.

साथीच्या रोगांनी त्या वस्तीस सोडले नव्हते. सप्टेंबर १९३६ मध्ये खुद्द गांधीजींना हिवतापाने वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. मीराबेन विषमज्वराने अंथरुणास खिळल्या. साचलेले पाणी, उघडे नाले, विहिरीभोवतीचा चिखल यांचा हा प्रसाद होता. म्हणून आश्रमात सांडपाण्याची वाट, खड्ड्यांचे संडास, सोनखत यांकडे जेवढे लक्ष दिले गेले तेवढे बहुधा दुसऱ्या कशाकडे दिले गेले नसेल.

खेडे लहान, पण पाहुणे जगभराचे. जानेवारी १९३८ मध्ये लॉर्ड लोथियन तेथे तीन दिवस राहून गेले. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर वर्धा स्टेशनावरून टांग्याने आले आणि आठवडाभर राहिले. त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिले. मौलाना अबुल कलाम आझाद काँग्रेसचे अध्यक्ष असताना १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास कार्यकारिणीची बैठक झाली आणि 'छोडो भारत'चा ठराव प्रथम तेथे संमत झाला. इतकी माणसे आली-गेली, तरी पाहुण्यांच्या सोयीसाठी आधी रस्ता, मग गावाचे बाकीचे, असा क्रम त्या दहा वर्षांत कोणी लावला नाही. टपालाची गोष्टही अशीच मौजेची आहे. विदर्भात दुसरे मोठे शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वे स्टेशन असलेले. पत्रे तिकडे जात. तो घोटाळा टाळण्यासाठी १९४० साली गावाचे नाव बदलून सेवाग्राम केले गेले. नाव बदलले, वाट तीच राहिली. आता तर जुने वर्धा पूर्व हे जंक्शनही सेवाग्राम याच नावाने ओळखले जाते.

येथे एक पोटविषय आल्याशिवाय राहत नाही, आणि आपल्या पालकांना तो रुचेल. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास मारवाडी विद्यालयात देशातील शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तेथे नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले. तेव्हा ते चाळिशीत होते. गांधीजींच्या योजनेतील उणिवा त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितल्या, आणि तरीही डिसेंबरात अहवाल पुरा करून दिला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती, हा त्याचा गाभा. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, डॉ. झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले, आर्यनायकम् पतिपत्नींनी सेवाग्रामात शाळा चालवली. तालीम हा शब्द उर्दूत शिक्षणाचा, मराठीत लाल मातीच्या आखाड्याचा. सेवाग्रामच्या शाळेत दोन्ही अर्थ एकत्र नांदले. तेथील मुले सूत कातीत, भाजी पिकवीत, तशीच अंगण, विहीर, गावची वाट झाडीत, आणि झाडता झाडता कचरा कोठून येतो, पाणी कोठे मुरते, माशी कशी वाढते हे शिकत. सफाई ही शिक्षा नव्हती, अभ्यासक्रमाचा भाग होती. आज आपल्याकडे एखादा मुलगा शाळेत झाडू मारताना दिसला तर पालक तक्रार घेऊन येतात. त्यात त्यांचे अगदीच चुकते असे नाही, कारण झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे आपल्या समाजात नेहमी जात पाहून ठरत आले. सेवाग्रामात तो सर्वांच्या हाती होता, म्हणून त्याला शिक्षणाचे मोल आले. पतियाळाच्या बीबी अमतुस्सलाम याही या आश्रमाच्या रहिवासी होत्या. कुराणातील आयतींचा समावेश असलेली सर्वधर्मप्रार्थना आश्रमात रोज होत असे आणि ती परंपरा पुढेही चालू राहिली.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते पुन्हा परतले नाहीत. त्यानंतरचा या वाटेवरचा मोठा चालणारा म्हणजे विनोबा भावे. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलन होते. विनोबांनी गाडी नाकारली आणि सेवाग्राम-पवनारहून सुमारे तीनशे मैल पायी गेले. त्याच यात्रेत १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. पुढे तेरा वर्षे ते चालतच होते, १९६४ साली पवनारला परतले.

पवनार हे धाम नदीच्या काठचे गाव. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. १९३८ साली विनोबा तेथे राहावयास आले. आश्रमाची जमीन खणताना त्यांच्या कुदळीस भरत-राम भेटीची शिल्पाकृती लागली. येथेच त्यांनी अनेक धर्मग्रंथांचे अध्ययन केले. मूळ कुराण वाचण्यासाठी ते अरबी शिकले, आणि पुढे त्यातील निवडक वचनांचे 'कुराणसार' त्यांनी सिद्ध केले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी धामच्या पात्रात विसर्जित करण्यात आल्या. तेथे पात्रातच छत्री उभारली गेली, आणि दर वर्षी त्या तारखेस सर्वोदय मेळा भरू लागला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी याच काठावर देह ठेवला. समुद्राच्या गावाला जसा किनारा, तसा वर्ध्याच्या लोकांना पवनारचा काठ. सहल तेथे, गणपतींचे विसर्जन तेथे, आणि वर्धा शहराला नळाने मिळणाऱ्या पाण्याचा एक मोठा वाटाही याच नदीचा. एकाच काठावर इतक्या गरजा येऊन बसल्या की काठाचे काय होते, ते कोणत्याही नदीवर राहणाऱ्याला ठाऊक आहे.

सेवाग्रामच्या रस्त्याचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते दवाखान्यामुळे. १९४४-४५ च्या सुमारास डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या लहानशा दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढले, आणि १९६९ या गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यात उभे राहिलेले देशातील ते पहिले वैद्यकीय महाविद्यालय. तेव्हापासून या रस्त्यावर आश्रम पाहावयास येणारा प्रवासी हा एक, आणि रोग्याला घेऊन येणारा नातेवाईक हा दुसरा. हातात पिशवी, डोक्यावर पदर, एका हातात औषधाची चिठ्ठी. रस्ता सुधारताना आराखडा करणाऱ्याला पहिला सहज दिसतो, कारण तो मोटारीने येतो आणि छायाचित्रे काढतो. दुसरा दिसावयास कागदावरून डोके उचलून रस्त्यावर उभे राहावे लागते.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे जगप्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामास आले होते. ते बापूकुटीत बराच वेळ बसले आणि त्यावर बोलले. माणसाला राहावयास याहून अधिक जागा हवीशी वाटू लागली की तो श्रीमंत न होता उलट दुबळा होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा विचार सर्वांना पटेल असे नाही. आपल्या मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली असावी असे मलाही वाटते. परंतु बापूकुटीच्या दारापर्यंत किती रुंद रस्ता न्यावा, याचा विचार करताना इलिच आठवावे.

गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीचे वर्ष २०१९. त्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने सेवाग्राम विकास आराखडा हाती घेतला. सुमारे २६६ कोटी रुपयांचा हा आराखडा सेवाग्राम, वर्धा आणि पवनार या तिन्ही ठिकाणांसाठी होता. रस्ते, पदपथ, वाहनतळ, सभागृह, भव्य चरखा, धामच्या काठाची बांधणी अशी कामे निघाली. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या मंडळींनी भंगारातून गांधीजी आणि विनोबा यांची शिल्पे घडवली. टाकाऊ लोखंडातून गांधी उभा करणे ही कल्पना मला आवडली, कारण आश्रमात कागदाच्या कोऱ्या पाठीवरही लिहिले जाई. पाचशे रुपयांच्या आदिनिवासाशी २६६ कोटींची तुलना करून टाळ्या मिळवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. रुपया तो राहिलेला नाही, येणाऱ्यांची संख्या ती राहिलेली नाही, आणि वृद्ध प्रवाशाला बसावयास बाक व स्वच्छ शौचालय मिळाले तर गांधीजींनी त्याला नावे ठेवली नसती. त्यांनी विचारले असते ते एवढेच की हे रोज साफ कोण करणार आहे.

खरा प्रश्न उभा राहिला तो २०२० साली. वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी कडेची जुनी मोठी झाडे तोडावयास सुरुवात झाली. गांधीजींच्या काळी लावलेली झाडे त्यांत आहेत असे जाणती मंडळी सांगत होती. वर्ध्याचे नागरिक, गांधीविचाराचे कार्यकर्ते, विद्यार्थी रस्त्यावर आले. कोरोनाचे दिवस असतानाही त्यांनी झाडांशेजारी उभे राहून विरोध केला. बरीच झाडे तोवर पडली होती. पुढची तोड थांबली. हा काही झाडांवर प्रेम करणाऱ्या हौशी लोकांचा आणि विकास हवा असणाऱ्यांचा तंटा नव्हता. मला तो पदपथाविषयीचा तंटा वाटतो, आणि त्यात झाडांशेजारी उभे राहणारे लोक पदपथाच्या बाजूचे होते.

हे नीट समजून घेतले पाहिजे. विदर्भात उन्हाळ्याचे तीन-चार महिने सकाळी दहानंतर उघड्या रस्त्यावर चालणे म्हणजे भट्टीजवळून जाणे. डांबर आणि सिमेंटचे ठोकळे तापतात ते सूर्यास्तानंतरही निवत नाहीत. अशा प्रदेशात दोन मीटर रुंद, गुळगुळीत, रंगीत ठोकळ्यांचा पदपथ बांधला आणि त्यावर सावली नसेल, तर त्यावर एप्रिल-मेमध्ये कुत्रेसुद्धा चालणार नाही. माणूस झाडाच्या सावलीतून, मग ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेला का असेना, मातीतूनच जाईल. कडुनिंबाचे, चिंचेचे किंवा वडाचे जुने झाड हे त्या वाटेचे छप्पर होय. ते तोडून खाली फरशी घालणे म्हणजे घराचे छत काढून जमिनीला संगमरवर बसवणे. बदल्यात लावलेली रोपे जगली तरी तेवढी सावली देण्यास पंचवीस-तीस वर्षे घेतात. तेवढ्यात एका पिढीचे शाळेत जाणे संपते.

यावर इलाज नाही असे मुळीच नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी जे मानक ठरवले आहे त्याप्रमाणे पदपथावर निदान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी आणि रस्त्यापासून त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. मोकळी याचा अर्थ तीत विजेचा खांब, दुकानाची पाटी, उभी केलेली मोटारसायकल यांपैकी काही नाही. उंची कमी याचा अर्थ म्हाताऱ्या माणसाला गुडघा न धरता चढता येईल. एवढी जागा झाडांच्या रांगेच्या आतल्या बाजूने बहुतेक खेड्यांच्या रस्त्यावर मिळू शकते, मात्र त्यासाठी रस्ता सरळ रेषेतच न्यावयाचा हट्ट सोडावा लागतो. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवावी असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या यंत्रणांना बजावले होते. ती गोष्ट दिल्लीस लागू आणि वर्ध्यास नको, असे झाडाच्या मुळांना कोण सांगणार?

काळ्या मातीचा एक स्वभाव आहे. पाणी पडले की ती फुगते, ऊन लागले की आकसते. तीवर नुसते ठोकळे मांडले तर दोन पावसाळ्यांत ते वरखाली होतात आणि ठेच लागू लागते. माती पुरेशी खोल काढून मुरूम भरावा, धुम्मस करावा, पाण्याला कडेने उतार द्यावा आणि मगच वरचे काम करावे लागते. गावोगावच्या जुन्या गवंड्यांना हे माहीत असते. वरचा थर सर्वांना दिसतो आणि खालचा कोणाला दिसत नाही, म्हणून खर्च वाचवावयाचा झाला की तो खालीच वाचवला जातो. मुलांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर झाला तर एवढे ध्यानात ठेवावे.

वाहनतळाचेही गणित आहे. एक मोटार उभी करावयास साडेबारा चौरस मीटर जागा लागते, वळावयास लागणारी वेगळी. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज राहतात. पूर्वी आश्रमापुढे टांगे आणि बैलगाड्या थांबत, बैल सोडून झाडाला बांधीत. सावलीच वाहनतळ होती. मोटारी आश्रमापासून जरा लांब थांबवून माणसांना शेवटचा तुकडा चालावयास लावणे हेच अशा ठिकाणी शहाणपणाचे. महादेवभाई पाच मैल चालले त्या गावात पाहुण्याने पाचशे पावले चालण्यास हरकत नसावी. मात्र रुग्णालयाच्या दाराशी हा नियम लावू नये. तेथे रिक्षा अगदी पायरीशी गेली पाहिजे.

नदीकाठाविषयी साबरमतीचा अनुभव समोर आहे. अहमदाबादेत नदीच्या दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती आणि रुंद फिरण्याचे मार्ग झाले. शहराला मोकळी हवा मिळाली, ही गोष्ट खरी. पण आश्रमाच्या पायऱ्या जिथे एके काळी पाण्यात उतरत, तिथे आता मधे बांधलेला मार्ग आला. मार्च २०२४ मध्ये त्या आश्रमाच्या परिसरासाठी १,२०० कोटी रुपयांच्या आराखड्याचा आरंभ झाला. दांडी हे तर समुद्राकाठचेच लहान गाव. तेथे ३० जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक खुले झाले. या ठिकाणी पुतळे, तळे, फिरण्याच्या वाटा आहेत. तिन्ही ठिकाणी एकच पेच येतो. स्मारक मोठे झाले की पाणी आणि माणूस यांच्यात अंतर पडते. पवनारच्या धामला पूर येतो, तेव्हा ती छत्रीला वेढा घालते आणि काठावर जे असेल ते विचारून नेत नाही. म्हणून काठाला भिंतीपेक्षा पायऱ्या बऱ्या, आणि पायऱ्यांपेक्षाही गवत व झाडांनी बांधलेला उतार बरा. कपडे धुणारी बाई, गुरे पाण्यावर आणणारा मुलगा आणि सहलीस आलेली शाळा या तिघांनाही तो चालतो.

२००५ साली सेवाग्रामात नयी तालीमच्या धर्तीवर आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली. आपल्या शाळांतून सहली निघतात तेव्हा अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा असा क्रम ठरलेला असतो. एखाद्या वर्षी वर्ध्यास जावे. बसने थेट आश्रमाच्या दारी न जाता रुग्णालयाच्या चौकापासून मुलांना चालवत न्यावे, कोणती झाडे उरली आहेत ती मोजून वहीत लिहून घ्यावीत, पदपथ कोठे सलग आहे आणि कोठे तुटतो ते टेपने मोजावे, आणि दवाखान्यातून परतणाऱ्या दोन-चार माणसांना ते कोठून कसे आले एवढे विचारावे. मग बापूकुटी पाहावी. दुपारी पवनारला नदीत पाय सोडून बसता येते. मार्चनंतर जाऊ नये. डिसेंबर-जानेवारी बरा, आणि मेळा पाहावयाचा असेल तर १२ फेब्रुवारी.